पहाऱ्याच्या कोंबड्या

लेक सासरी नांदायला गेली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत पत्र्याची पेटी घेऊन परत आली, त्या वर्षाची ही गोष्ट. पेटी दारात ठेवून ती म्हणाली, "मी आता जायची नाही," आणि आत जाऊन घटाघटा पाणी प्यायली. आजीनं एवढंच म्हटलं, "पेटी आत घे. इथल्या हवेनं गंजेल." त्याच आठवड्यात घरी सरकारच्या कोंबड्या आल्या. तेव्हापासून घरात वर्ष सांगायचं झालं की म्हणत, पोरगी आणि कोंबड्या आल्या ते वर्ष. पोरीला याचा राग यायचा.

घर गावाच्या शेवटाला होतं. मागं कुंपण, कुंपणामागं बांध आणि बांधापलीकडं दलदल. दलदलीत नजर जाईल तिथवर लव्हाळा उभा. या घरानं पिढ्यान्‌पिढ्या तो कापला, वाळवला आणि त्याच्या चटया विणल्या. घरधन्याला सगळे चटईवालाच म्हणत. त्याच्या बायकोला आधी चटईवालीण म्हणत. सरकारच्या कोंबड्या आल्यावर तिची कोंबडीवाली झाली आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं.

कापणीच्या दिवसांत नवरा-बायको सकाळीच पाण्यात उतरत. मांडीभर पाणी, खाली चिखल, हातात विळा. लव्हाळा पाण्याखाली हात घालून बुडातून कापावा लागतो. वरून कापला तर चटईला लांबी मिळत नाही. त्यामुळं माणूस दिवसभर ओणवा. पायांना जळवा लागत, मानेवर डास बसत. हात पाण्यात गुंतलेले, डास मारायचा कशानं? नुसती मान झटकायची, गाय झटकते तशी. संध्याकाळी बाहेर यावं तर बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली आणि कंबर काही केल्या सरळ होत नसे. चटईवाला ओणव्यानंच अंगणात येई आणि आईला म्हणे, "बघ, मी तुझ्याहून म्हातारा झालो."

"मग माझ्या आधी जेवायला बस," म्हातारी म्हणे.

आदल्या वर्षी सरकारचे साहेब शाळेच्या पटांगणात येऊन गेले होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रत्येकाला कार्ड मिळणार. कार्ड दाखवलं की कुठल्याही दवाखान्यात उपचार फुकट, पोटदुखीपासून काळजापर्यंत. दुसरी, दलदलीतल्या तापाचा शोध घेऊन त्यावर औषध काढणार. त्याच दिवशी कार्डासाठी सगळ्यांचे फोटो काढले. म्हातारी तोंड धुऊन, केस चोपून रांगेत उभी राहिली होती.

मग बरेच महिने काही नाही. एक दिवस शाळेच्या मास्तरांनी बातमी आणली. यंदा सरकारला दोन्ही झेपत नाही. तापाचं आधी होईल, कार्डाचं पुढं बघू.

"मग माझा फोटो कशाला काढला?" म्हातारी म्हणाली. "गुडघ्याचं दुखणं काय फोटोत दिसतं?"

"आई, कार्ड घेऊन काय चाटायचंय?" चटईवाला विणता विणता म्हणाला. लव्हाळ्याची काडी दातात धरून बोलायची त्याची सवय होती. "कार्ड असलं तरी ताप यायचा तो येतोच. औषध निघालं तर कार्ड लागतंय कशाला?"

"आणि औषध निघेपर्यंत?"

"कळ काढायची."

"कळ तुझ्या गुडघ्यात आहे का?"

कोंबडीवाली या भांडणात पडत नसे. तिला नवऱ्याचं म्हणणं कुठून येतं ते माहीत होतं. त्याचा धाकटा भाऊ मिसरूड फुटायच्या वयात या तापानं गेला. तेव्हा शाळेशेजारी दवाखाना होता, खाट होती, नर्सबाई होती. चटईवाल्यानं भावाला पाठीवर घालून तिथं नेलं. नर्सबाईनं हात धरला, सलाईन लावलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि म्हणाली, "यावर औषधच नाही रे." तो शब्द त्याच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता. खाट होती, माणूस होतं, औषध नव्हतं. म्हणून तापाचा शोध घेणाऱ्या सरकारी माणसांनी दवाखान्याच्या दोन्ही खोल्या घेतल्या, खाट व्हरांड्यात काढली, आत घरघरणारा मोठा फ्रीज आणून ठेवला आणि नर्सबाईला रक्ताच्या नळ्या मोजायला जिल्ह्याला नेलं, तेव्हा गाव कुरकुरलं, पण चटईवाला गाडीतून तो फ्रीज उतरवायला खांदा द्यायला गेला.

कोंबड्या याच्याच घरी आल्या त्या म्हणूनच. तापाचा शोध घेणाऱ्या एक बाई होत्या. डोळ्यांखाली काळं, हातात सदा रबरी मोजे. गाव त्यांना सुईबाई म्हणे. त्यांनी सहा पांढऱ्या कोंबड्या, तारेचं खुराडं आणि दाण्याचं पोतं उतरवून घेतलं. प्रत्येक कोंबडीच्या पायात निराळ्या रंगाचं कडं होतं.

"या तुमच्या पहारेकरी," सुईबाई म्हणाल्या. "दलदलीतला डास यांना चावणार. ताप इथं आला की माणसांच्या आधी यांच्यात येतो. यांना कापायचं नाही, विकायचं नाही. अंडी खा. एखादी मेली तर लगेच फोन करायचा, काही वेळ असो. गाडी त्याच दिवशी येईल."

"आणि माणूस मेलं तर?" म्हातारीनं विचारलं.

सुईबाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे.

दर मंगळवारी गाडी येई. कोंबडीवाली एकेक कोंबडी धरून देई. तिचं धरणं असं, की दोन पाय बोटांत, अंग कुशीत आणि दुसऱ्या हाताचा तळवा कोंबडीच्या डोळ्यांवर. डोळ्यांपुढं अंधार झाला की कोंबडी निपचित पडते. मग सुईबाई पंखाखालची पिसं फुंकरीनं बाजूला करत, निळी शीर शोधून सुई टोचत आणि नळीत थोडं रक्त घेत. "तुमच्यासारखं कुणी धरत नाही," त्या म्हणत. कोंबडीवालीला बरं वाटे. घरात तिचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

नावं म्हातारीनं ठेवली. लाल कड्याची मान ताठ ठेवून चाले म्हणून मास्तरीण. पिवळ्या कड्याची सदा दुसरीच्या दाण्यावर, म्हणून सवत. हिरव्या कड्याची सगळ्यांत जास्त खाई, तिचं नाव सूनबाई.

"माझ्या खाण्यावर नजर आहे होय तुमची?" कोंबडीवाली म्हणाली.

"नजर नाही गं, कान आहेत. चावतेस केवढ्यांदा!"

आता सुईबाई जे बोलल्या त्यातून घरानं एक अर्थ काढला आणि तो इतका सरळ होता की विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ताप आला की आधी कोंबडी आजारी पडणार. कोंबडी आजारी पडते म्हणजे काय, हे कोंबड्या पाळणाऱ्याला शिकवावं लागत नाही. ती पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, डोळे मिटते, दाणा सोडते, मान टाकते. त्यामुळं सकाळी उठलं की कोंबडीवाली आधी खुराड्याशी जाई. सहाही दाण्यावर तुटून पडल्या की ती आत येऊन सांगे, "सगळ्या ठणठणीत." मग चटईवाला निर्धास्त विळा घेऊन पाण्यात उतरे. शेजारपाजारचे कापणारेसुद्धा कुंपणावरून विचारत, "काय वहिनी, पहारा काय म्हणतोय?" ती हात हलवून सांगे, "उतरा बिनधास्त."

त्या साली पाणी उतरलंच नाही. पाऊस संपून कितीतरी दिवस झाले तरी बांधाला लागून पाणी हिरवं, दाट, हलेना की वाहेना. लव्हाळा मात्र माजला. एवढा उंच लव्हाळा चटईवाल्यानं कधी पाहिला नव्हता. पेठेत प्लास्टिकच्या चटयांनी भाव पाडला होता; त्यानं ठरवलं, यंदा दुप्पट कापायचा. लेकही पाण्यात उतरली. सासरी तिनं हे काम सोडलं होतं. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले आणि दुसऱ्या दिवशी फुटले. संध्याकाळी डासांचा असा घोंगावा सुटे की बोलायला तोंड उघडावं तर आत जात.

एका संध्याकाळी चटईवाला भारा उचलताना खाली बसला. "चक्कर आली," म्हणाला. जेवला नाही. सकाळी अंग तव्यासारखं तापलेलं.

"ताप आहे," कोंबडीवाली म्हणाली.

"पाण्यातला गारठा आहे. जा, बघून ये."

ती खुराड्याशी गेली. सहाही कोंबड्या दाण्यावर. मास्तरीण मान ताठ ठेवून फिरत होती. सूनबाई पोट फुटेस्तोवर खात होती. ती आत आली. "सगळ्या ठणठणीत आहेत."

"बघ. म्हणजे तो ताप नाही." आणि तो खरंच हसला.

मंगळवारी गाडी आली तेव्हा चटईवाला आत पांघरूण घेऊन पडला होता. कोंबडीवालीनं एकेक कोंबडी धरून दिली. मनात आलं, सांगावं. पण सुईबाई घाईत होत्या आणि नवऱ्यानं आतून हातानं 'नको' केलं. उगाच आजारी आजारी म्हणून कोंबड्या दुसऱ्याकडं नेल्या तर? तिनं रक्त थांबवायला कापूस दाबून धरला. गाडी गेली.

त्यानंतर त्याचं डोकं दुखायला लागलं. असं दुखे की दाराच्या फटीतून आलेला उजेड सोसेना. लेकीनं फटीत चिंध्या कोंबल्या. त्याला पाणी पाजायला मान उचलावी तर मान वळेना; अंग सगळंच्या सगळं फळीसारखं उचलून येई. म्हातारी त्याच्या पायाशी बसून तळवे चोळत राही. बायकोनं आणि लेकीनं खायला घातलेलं तो ओकून टाकी. मग तो भलतंच बोलू लागला. बायकोला म्हणाला, "नर्सबाई, याला खाटेवर घ्या, हा माझा भाऊ आहे."

कोंबडीवाली उठली आणि दवाखान्यात गेली. दवाखाना कशाचा, जुन्या सवयीनं पाय तिकडं वळले. दाराला कुलूप. आत फ्रीज घरघरत होता. व्हरांड्यातल्या खाटेवर कोंबड्यांच्या दाण्याची पोती रचलेली. तिनं कुलूप ओढून पाहिलं, मग ते ओढल्याची तिचीच तिला लाज वाटली. ती दूधवाल्या टेंपोकडं गेली. टेंपोवाला ओळखीचा, पण तो खाली उतरला नाही.

"वहिनी, ताप आहे ना? मला दूध न्यायचंय. लोक म्हणतील तापाच्या माणसाच्या शेजारी कॅन ठेवले. माझा धंदा बसेल."

"तो ताप नाही. कोंबड्या बऱ्या आहेत."

"मग घरीच बरे होतील की."

तिनं सुईबाईंच्या ऑफिसला फोन लावला. उचलणाऱ्या माणसानं आधी खुराड्याचा नंबर विचारला. तिनं सांगितला.

"कोंबडी मेली का?"

"नाही हो. माझा नवरा आजारी आहे."

"बाई, हा नंबर कोंबड्यांसाठी आहे. माणसांचं आरोग्य खात्याकडं."

"तिकडचा नंबर?"

"दवाखान्यात लावलेला असेल बघा, भिंतीवर."

ती घरी आली. लेक चुलीपाशी बसून होती. काय झालं ते ऐकून घेतलं आणि पोरगी फाडकन म्हणाली, "बाबांच्या जागी कोंबडी पडली असती तर एव्हाना गाडी दारात असती."

म्हातारी लेकाच्या पायाशी बसली होती. तिचा तळवे चोळणारा हात थांबला. तिनं सुनेकडं पाहिलं.

"सूनबाईला घे," म्हातारी म्हणाली. "नुसती खाते."

कोंबडीवाली खुराड्यात गेली. हिरव्या कड्याची आपणहून जवळ आली. तिला वाटलं, मंगळवार आहे. कोंबडीवालीनं ती नेहमीसारखीच धरली. दोन पाय बोटांत, अंग कुशीत, तळवा डोळ्यांवर. कोंबडी निपचित झाली. तिच्या काळजाची फडफड तळव्याला लागत होती. मग तिनं मान पिरगळली. हात धुऊन तिनं फोन लावला आणि सांगितलं, "एक मेली."

"हात लावू नका. गाडी निघाली."

दुपार कलायच्या आत गाडी आली. सुईबाई तोंडाला फडकं बांधून, मोजे घालून उतरल्या. गाडीवाल्यानं बर्फाचा डबा काढला. "कशी मेली?"

"सकाळी उठले तर मान टाकलेली."

सुईबाईंनी कोंबडी हातात घेतली. बोटं मानेवरून फिरली आणि एका जागी थांबली. त्यांनी पुन्हा चाचपलं. मग कोंबडीवालीकडं पाहिलं.

"ही मान मोडलेली आहे."

"हो. मी मोडली."

"तुम्ही? का?"

"तुम्ही याल म्हणून. आत माणूस आहे."

सुईबाई आत गेल्या. फटीतल्या चिंध्या काढायला लागताच चटईवाला किंचाळला, तशा त्या थांबल्या. त्यांनी त्याच्या डोक्याखाली हात घालून उचलून पाहिलं. डोक्याबरोबर खांदे उठले. त्यांनी हळूच खाली ठेवलं. चेहऱ्यावरचं फडकं खाली ओढलं.

"किती दिवस झाले? मंगळवारी मी आले तेव्हा होता?"

"होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कोंबड्या बऱ्या होत्या ना," कोंबडीवाली म्हणाली. "सगळ्या खात होत्या. रोज बघत होते मी. ही तर सगळ्यांत जास्त खायची. कोंबड्यांना नाही तर ताप यांना कसा येईल?"

सुईबाईंना उमगलं, तशा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"अहो, या आजारी पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कोंबड्या ठेवतो. डास चावला तरी या धडधाकट राहतात. नुसती रक्तात खूण उमटते. ती आम्हाला नळीत कळते."

"मग उमटली का?"

सुईबाई मोजे उतरवू लागल्या.

"हिच्या रक्तात उमटली होती का?"

"महिना होत आला. आधी हिच्या, मग लाल कड्याच्या."

लेक दारात उभी होती. ती पुढं आली. "महिना? आणि आम्ही रोज पाण्यात उतरत होतो! तुम्ही दर मंगळवारी दारात येत होता, आमचा चहा पीत होता. एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"मी वर कळवलं. त्याच दिवशी कळवलं. आम्ही परस्पर सांगायचं नाही, असा नियम आहे. माहिती राजधानीला जाते. तिथून आरोग्य खात्याकडं. आरोग्य खातं दवाखान्याला कळवतं आणि दवाखान्यातून गावाला सांगतात."

"कुठल्या दवाखान्यातून?" म्हातारीनं विचारलं.

बर्फाचा डबा उघडाच राहिला होता, त्यातून वाफ निघत होती.

गाडीवाला दारातून म्हणाला, "मॅडम, मागची सीट मोकळी आहे."

"माणूस न्यायची परवानगी नाही."

"माहीत आहे. मोकळी आहे, एवढंच म्हणतो."

सुईबाई उठल्या. "घ्या त्यांना. डोळ्यांवर काहीतरी बांधा."

नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन कोंबडीवाली मागं बसली. पुढं सुईबाई, त्यांच्या पायांशी कोंबडीचा डबा. रस्ता खड्ड्यांचा; गाडी हादरली की चटईवाला विव्हळे. तिनं त्याच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. तो जरा शांत झाला. अर्ध्या वाटेवर गाडी थांबवून सुईबाईंनी विचारलं, "यांचं थोडं रक्त घेऊ? या भागात तापाचा यंदाचा हा पहिलाच माणूस आहे. पुढं औषधासाठी फार उपयोग होईल."

कोंबडीवालीला संताप यायला हवा होता. पण तिला दातात काडी धरून बोलणारा नवरा आठवला. "घ्या," ती म्हणाली. "शुद्धीत असते तर त्यांनीच हात पुढं केला असता." आणि तिनं त्याचा दंड धरून दिला. सुईबाईंची शीर दोनदा चुकली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात माणसांवर माणसं. कार्डाच्या खिडकीला फळी मारलेली, वर चिठ्ठी, योजना सुरू झाल्यावर कळवण्यात येईल. एक म्हातारा तरीही फळीसमोर रांग धरून उभा होता. चटईवाल्याला व्हरांड्यात जागा मिळाली, खाली प्लास्टिकची चटई. तो डोळे मिटून बोटांनी चटईची कड चाचपत राहिला, वीण शोधत असल्यासारखा. सापडेना. मग हात तसाच पडून राहिला.

तरुण डॉक्टर आला. पेंगुळलेला होता, पण बोलायला नीट होता. त्यानं सलाईन लावलं, नाकात नळी घातली.

"औषध नाही ना यावर?" कोंबडीवालीनं विचारलं.

"तापावर नाही. पण पहिल्या दिवसांत माणूस सलाईनवर ठेवला, झटके आवरले, श्वास सांभाळला तर बरेच जण वाचतात. लवकर आणायचं होतं. तुमच्याकडं दवाखाना नाही का जवळ?"

"आहे," ती म्हणाली. "त्यात फ्रीज आहे."

डॉक्टरला काही कळलं नाही. दुसरीकडून हाक आली, तसा तो गेला.

दुसऱ्या दिवशी लेक दूधवाल्याच्याच टेंपोतून आली. टेंपोवाल्यानं तिला आणलं, पण दवाखान्याच्या कोपऱ्यावरच उतरवलं. तिनं बापाचे पाय चोळले, आजीनं सांगितलं होतं म्हणून. बाप तिला ओळखून म्हणाला, "पेटी आत घेतलीस का?" ती म्हणाली, "घेतली." त्यानंतर तो बोलला नाही.

त्याला घरी आणलं, दिवसकार्य झालं आणि लव्हाळा तसाच उभा राहिला. त्या हंगामात बांधावरच्या आणखी दोन घरांत ताप शिरला. एका घरातली बाई वाचली, पण तिचा एक हात उचलेना. कापणारे कुंपणाजवळून जाताना आता पहारा विचारत नसत. एकानं तर तोंडावर सांगितलं, "तूच हात हलवून म्हणायचीस ना, उतरा बिनधास्त?" कोंबडीवाली ऐकून घेई. म्हणायचीच ती.

थंडी पडल्यावर एका मंगळवारी सुईबाई आल्या. एवढे मंगळवार गाडीवालाच दाणा टाकून जाई. त्या अंगणातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कोंबडी मारल्याचं मी लिहिलं नाही. साप चावला, असं लिहिलं. नवीन सहावी आणलीय. ठेवाल?"

"तोंड बघा हिचं!" म्हातारी आतून ओरडली. "घेऊन जा म्हणावं सगळ्या!"

कोंबडीवालीनं नव्या कोंबडीकडं पाहिलं. पायात हिरवं कडं होतं. मग ती म्हणाली, "ठेवते. पण हिच्या रक्तात आलं की आधी मला सांगायचं. मग राजधानीला."

"तसं मला करता येत नाही."

"माणसाला गाडीत घेता येत नव्हतं. कोंबडी सापानं मारली, असंही लिहिता येत नव्हतं."

मोजे चढवून सुईबाईंनी हात पुढं केला. कोंबडीवालीनं कोंबडी धरून दिली.

पुढच्या कापणीला लव्हाळा बेताचा होता. घरात कापणारी लेक एकटीच. विणणं कोंबडीवालीकडं आलं. नवऱ्याइतकी घट्ट वीण तिला जमत नव्हती. एका सकाळी ती अंगणात लाकडी पट्टीनं चटईची वीण ठोकत होती आणि कुंपणापलीकडं सुईबाई दिसल्या. वार मंगळवार नव्हता. गाडी नव्हती. पायांत धुळीनं भरलेल्या चपला, हातात सुई नाही, मोजे नाहीत. मुख्य रस्त्यापासून चालत आलेल्या. दम लागल्यामुळं त्यांना आधी बोलताच येईना.

"लव्हाळ्यात कुणी उतरलंय का?"

"लेक गेलीय."

"तिला बाहेर बोलवा."

कोंबडीवालीच्या हातातली पट्टी खाली पडली. ती बांधावर चढली आणि तिनं अशी हाक मारली की दलदलीतले बगळे उठले. एकामागून एक लव्हाळ्यातून माथी वर आली. आधी लेक बाहेर पडली, मग बाकीचे, शिव्या देत. त्या साली बांधावरची सगळी कापणी बुडाली. लोक उपाशी राहिले, काही गाव सोडून गेले आणि जाताना म्हणाले, कोंबडीवालीनं पोटावर पाय दिला. तिनं तेही ऐकून घेतलं. सुईबाईंची लगेच बदली झाली. कुठं, ते कुणी सांगितलं नाही. कार्डाची खिडकी अजून उघडलेली नाही आणि औषध निघालेलं नाही.

चटईवाला पोरगी आणि कोंबड्या आल्या त्या वर्षी, लव्हाळा पिवळा पडायच्या आत, एका गुरुवारी दिवेलागणीच्या आधी जिल्ह्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात वारला. त्याची आई त्यानंतरच्या थंडीत घरीच झोपेत गेली. पुढच्या कापणीत, ज्या वर्षी लोक उपाशी राहिले, त्या वर्षी तापानं कुणी मेलं नाही.